रावेत, म्हणजे कृषी पदवीच्या गावातल्या सत्रात, मी बोलायला शिकले. तुम्ही कुठे शिकलात?

लालमाती | ६ जुलै, रात्री ९.४०

माझ्या मावसबहिणीचा मुलगा यंदा बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रात गेला. परवा रात्री त्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात गावात पहिलं प्रात्यक्षिक आहे आणि त्याची झोप उडाली आहे. "मावशी, चार माणसं समोर दिसली की जीभ टाळूला चिकटते," म्हणाला. ताईचं म्हणणं, रावे कशीबशी उरकू दे, मग पुण्याला इंग्रजी स्पीकिंगचा आणि व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू. मला तेच खटकलं. कारण मी बोलायला शिकले ती त्याच एका सत्रात, आणि सहा जणींनी मिळून काम कसं करायचं हेही तिथेच कळलं. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहिते. तो हा धागा वाचणार आहे, तेव्हा तुमचेही अनुभव जरूर लिहा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत चौथ्या वर्षाचं हे सत्र वर्गात भरतच नाही. आधी काही आठवडे गावात राहायचं, प्रत्येकाला एक यजमान शेतकरी मिळतो. मग कृषी विज्ञान केंद्र किंवा तशाच एखाद्या ठिकाणी काम आणि शेवटी एखाद्या कृषी उद्योगात तीन आठवडे. गावात मुलांना कृषिदूत म्हणतात, आम्हाला कृषिकन्या.

माझी रावे २०१९ ची. घर सिंधुदुर्गात, कॉलेज लातूर जिल्ह्यात. आमच्याकडे भात, नाचणी, काजू. सोयाबीनचं रोप मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या प्रक्षेत्रावर. आधीच्या वर्षांत संवादकौशल्याचा दोन क्रेडिटचा विषय झाला होता आणि त्यात मला चांगले गुण होते. 'संवादातील अडथळे' हे उत्तर मी पान भरून लिहिलं होतं. पण वर्गात हात वर करून एक प्रश्न विचारायची हिंमत तीन वर्षांत झाली नव्हती.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस फार उशिरा आला. पेरण्या लांबल्या होत्या, त्यामुळे बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक अगदी ऐन वेळी आलं. मारुतीच्या देवळासमोर बॅनर बांधला. पारावर पंचवीस-तीस पुरुष, आणि समोरच्या घराच्या दारात उभ्या चार बायका. मी दोन पानं पाठ केली होती. "बियाण्यापासून व जमिनीतून उद्भवणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी" इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य गेलं. कानात नुसता घूं आवाज. किती वेळ गेला कोण जाणे. माझे यजमान शेतकरी पुढे बसले होते, साठीचे, आम्ही सगळ्या त्यांना आबा म्हणायचो. ते म्हणाले, "पोरी, ऱ्हाऊ दे ते. धा किलो बियाला पावडर किती आन् गूळ किती, तेवढं सांग."

ते मला येत होतं. पाठ केलेल्या दोन पानांत ते अगदी शेवटी होतं. मी खाली बसले, ताडपत्रीवर बी ओतलं आणि हाताने करता करता सांगायला लागले. आधी बुरशीनाशक, किलोला तीन ग्रॅम. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून गार करायचा, त्यात रायझोबियम या जिवाणूखताचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट कालवायचं, ते दहा किलो बियाला पुरतं. हलक्या हाताने चोळायचं, कारण सोयाबीनचं साल पातळ, जोर केला की बी डाळीसारखं सुटतं. वाळवायचं ते सावलीत. हात चालू होते तोवर तोंडही चालू राहिलं.

मग दारातल्या एका बाईने विचारलं, "आदी पावडर लावल्यावर ते तुमचं जिवाणू मरत न्हाईत का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या दोन पानांत नव्हतं. मी म्हणाले, "काकू, मला माहीत नाही. सरांना विचारून उद्या तुमच्या घरी येऊन सांगते." असं सगळ्यांसमोर म्हणण्याची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ. आणि आश्चर्य म्हणजे कोणी हसलं नाही. आबांनी तर मान हलवली. सरांनी सांगितलं, बुरशीनाशक चार दिवस आधी लावून ठेवा म्हणावं, जिवाणूखत पेरणीच्या दिवशीच लावायचं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या चुलीसमोर बसून मी ते सांगितलं, तेव्हा शेजारच्या तिघी येऊन बसल्या. त्या गावात बी निवडणं, चोळणं, वाळवणं हे सगळं काम बायकांचं होतं. आम्ही प्रात्यक्षिक दाखवलं होतं पुरुषांना.

आता ग्रुपचं सांगते, कारण भाच्याची खरी परीक्षा तिथे आहे.

आम्ही सहा जणी सहा जिल्ह्यांच्या. एकाच कामाला मराठवाड्याची खुरपणी म्हणायची, वर्ध्याची निंदणी, कोल्हापूरची भांगलण आणि मी बेणणी. पहिल्या आठवड्याच्या अहवालात चारही शब्द आले आणि सरांनी विचारलं, ही चार वेगळी कामं का? तेव्हा हसलो. पुढे आठ दिवसांनी रडायची वेळ आली.

पेरणीआधी माती परीक्षणाचे अकरा नमुने घेतले. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा, कडेची माती खरवडायची, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. बीडची आणि मी दिवसभर उन्हात हे करत होतो. चिठ्ठ्या लिहायचं काम नाशिकच्या मैत्रिणीकडे. तिने सुंदर अक्षरात, जेल पेनने, शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर लिहून चिठ्ठ्या पिशव्यांत टाकल्या. माती ओलसर होती. तिसऱ्या दिवशी पिशव्या उघडल्या तर चार चिठ्ठ्यांवर नुसता निळा डाग.

त्या रात्री खोलीत जे झालं ते लिहायला नको. कोणी सांगितलं होतं, कोणी बघायला हवं होतं, कोण उन्हात मेलं आणि कोण सावलीत बसलं. दोन दिवस एका स्टोव्हवर सहा जणींचा स्वयंपाक आणि कोणी कोणाशी बोलत नाही. शेवटी कोल्हापूरची म्हणाली, "आपापसात कितीबी भांडू, त्या चौघांना सांगायला कोण जाणार?" कोणीच उठेना. मग ठरलं, सहाही जणी जायचं.

तिघांनी समजून घेतलं. चौथे रागावले, आणि त्यांचा राग खरा होता. तोवर त्यांची पेरणी झाली होती, पेरणीबरोबर खत पडलं होतं, म्हणजे आता नमुना घेऊन उपयोग नाही. ते म्हणाले, "तुमची फाईल भरली असंल, माझं वरीस गेलं." आम्ही ऐकून घेतलं. कारण सांगितलं नाही, एकमेकींकडे बोट दाखवलं नाही. पुढे फेब्रुवारीत तूर निघाल्यावर आमच्यातल्या दोघी स्वतःच्या खर्चाने जाऊन त्यांचा नमुना घेऊन आल्या.

त्या दिवसापासून खोलीच्या भिंतीवर एक कागद लागला. काम, करणारी, तपासणारी. करणारीने तपासायचं नाही. आणि चिठ्ठ्या पेन्सिलने. मी आज सिंधुदुर्गात एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. काजूच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या अजून पेन्सिलने लिहिते.

तुमच्या शिक्षणात असं काय होतं? कोणत्याही शाखेचं चालेल.


बांधावरून | ६ जुलै, रात्री ११.०५

लालमाती, वाचून बरं वाटलं. मी कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. दरवर्षी दोन-तीन गट माझ्या भागात यायचे.

एक मुलगा आठवतो. २०१९ चाच खरीप, मक्यावर नवीन लष्करी अळी आली होती. आदल्याच वर्षी ती देशात पहिल्यांदा सापडलेली, शेतकऱ्यांना ओळखू येईना. आमचे लोक पत्रकं वाटत होते. हा मुलगा बोलायला अगदी घुमा. त्याने पोंग्यातली, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांतली, अळी काढून तळहातावर घेतली, मोबाइलचा कॅमेरा मोठा केला आणि एकेका शेतकऱ्याला फोन हातात देऊन म्हणाला, "डोक्यावर उलटा वाय दिसतो का बघा. आता शेपटीकडे बघा, चार ठिपके चौकोनात." एवढंच. दहा मिनिटांत सगळं गाव अळी ओळखायला शिकलं. माझ्या पत्रकापेक्षा त्याची दोन वाक्यं भारी पडली. भाच्याला सांगा, कमी बोलणारा माणूस वाईट बोलतो असं काही नाही. हातात काहीतरी घेऊन उभा राहा म्हणावं.


पांढरंसोनं | ७ जुलै, सकाळी ६.५०

ताई, तुमचं लिहिणं प्रामाणिक आहे म्हणून मीही स्पष्ट लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी, कापूस आणि तूर. आमच्या गावात दरसाल पोट्टे येतात. बॅनर लावतात, फोटो काढतात, चार दिवसांनी पेपरात 'कृषिदूतांनी केले मार्गदर्शन' अशी बातमी येते, कात्रण फाईलला लागते. मग ते गाव त्यांच्यासाठी संपलं.

एक वर्ष तर बोर्डो मिश्रण, म्हणजे फळबागेवर फवारायचं बुरशीनाशक, करून दाखवलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, प्लास्टिकची टाकी, सगळं बरोबर. पण आमच्या गावात ना संत्रा, ना डाळिंब, ना द्राक्ष. बोर्डो घेऊन मी काय कापसाच्या पऱ्हाटीवर मारू? त्या वर्षी आमचा जीव गुलाबी बोंडअळीने जात होता. वासाने नर पतंग ओढणारा कामगंध सापळा कसा लावायचा, पतंग किती आले म्हणजे फवारा, हे कोणी सांगितलं असतं तर पाया पडलो असतो. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, "काका, ते आमच्या यादीत नंतर आहे."

ते पोरगं वाईट नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आधी विचारायचं असतं. बोलायला शिकण्याआधी ऐकायला शिका, एवढंच माझं म्हणणं.


लालमाती | ७ जुलै, दुपारी १.२०

पांढरंसोनं दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्याही यादीत गावाला न लागणाऱ्या गोष्टी होत्या आणि त्या आम्ही केल्या, कारण त्यांना गुण होते.

पण अभ्यासक्रमातच ऐकायला शिकवणारा एक भाग आहे, पीआरए, म्हणजे लोकसहभागातून गावाची पाहणी. गावकऱ्यांनीच गावाचा अभ्यास करायचा, विद्यार्थ्यांनी फक्त खडू आणि रांगोळी पुरवायची. दुर्दैवाने बरेच ग्रुप आदल्या रात्री स्वतःच नकाशा काढून ठेवतात आणि सकाळी गावकऱ्यांना भोवती उभं करून फोटो घेतात. आमचाही तोच बेत होता. आबांच्या सुनेने रांगोळी बघितली आणि म्हणाली, "ही हिर तर चार वर्षांपासून कोरडी हाय, तिच्यात निळं कशाला भरलं?" मग तिनेच रांगोळी घेतली. तासाभरात आठ-नऊ बायका जमल्या. पाणी कुठून आणतात ती वाट त्यांनी काढली, ती आमच्या नकाशात नव्हतीच. कामाची वर्षभराची दिनदर्शिका ज्वारीच्या दाण्यांनी मांडली, ज्या महिन्यात काम जास्त तिथे दाणे जास्त. पुरुषांनी मांडलेली आणि बायकांनी मांडलेली शेजारी ठेवली. पुरुषांच्या मांडणीत मे महिना जवळजवळ रिकामा होता. बायकांनी मे महिन्यावर मूठभर दाणे ओतले. पाणी, सरपण, लग्नं, कुरडया-पापड, बी निवडणं. कोणी काही बोललं नाही. सगळे ते दाणे बघत राहिले.

मी त्या दिवशी तासभर तोंड उघडलं नाही, आणि रावेतला तो माझा सगळ्यात चांगला दिवस.

परत न येण्याबद्दल सांगते. तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस सोयाबीन काढणीला आलं आणि धो धो पाऊस लागला. गंजी भिजल्या, शेंगांना जागेवर मोड आले. आम्ही तेव्हा गाव सोडलं होतं. पुढच्या जूनमध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, आबांचा फोन आला. "पोरी, ते गोणपाटातलं कसं करायचं, इसरलो." उगवण चाचणी. त्यांच्या सुनेने व्हिडिओ कॉल लावला आणि मी सावंतवाडीहून सांगत गेले. ओलं गोणपाट, दहा-दहाच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने फोन आला. शंभरातले चोपन्न उगवले होते. साठच्या आत आलं की ते बी पेरायचं नाही, सत्तरच्या वर असेल तर नेहमीचं एकरी तीस किलो पुरतं. त्यांनी ते बी बाजूला ठेवलं आणि पावसाआधी काढणी केलेल्या एका पाहुण्याकडून बी आणलं. त्याचीही आधी चाचणी केली. त्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. आबांचं रान उगवलं होतं. हे आमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, चाचणी त्यांनी केली. पण फोन करावासा वाटला, ही मला माझ्या पदवीइतकी मोठी गोष्ट वाटते.


पाटाचं_पाणी | ७ जुलै, रात्री ८.१५

लालमाती, मी तुझ्या पुढच्याच बॅचची. २०२० ला कोविडमुळे आमची रावे आपापल्या गावात झाली. सगळे म्हणाले, मजा आहे, घरच्या घरी. मजा नव्हती. परक्या गावात तुम्ही कृषिकन्या असता. आपल्या गावात तुम्ही अमक्याची धाकटी असता, जिला लहानपणी विहिरीवर रडताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करून दाखवत होते, शंभर किलो कडब्याला चार किलो युरिया, थर दाबून झाकून एकवीस दिवस. आमचे चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "युरिया घालून माझी म्हैस मारतीस काय?" तिथे मला रडू आलं.

मग वडिलांनी स्वतःच्या गोठ्यात करायला लावलं. एकवीस दिवसांनी उघडलं, थोडा वेळ हवेवर पसरून ठेवलं आणि पहिल्यांदा आमच्याच गाईला थोडं थोडं दिलं. महिनाभराने चुलत्यांनी स्वतः येऊन विचारलं, मोठ्या जनावरालाच द्यायचं का? मी म्हटलं, हो, लहान वासरांना नाही. त्यावर ते काही न बोलता दोन भारे कडबा टाकून गेले.

पण लालमाती, तुझा ग्रुपचा भाग वाचून पोटात कालवलं. आम्हाला ग्रुपच नव्हता. पाच जणींनी पाच गावांतून व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे आणि एकीने अहवाल जोडायचा. भांडायलासुद्धा कोणी नव्हतं. पहिल्या नोकरीत टीममध्ये काम करायला लागले तेव्हा ते फार जाणवलं. चूक झाली की मी गप्प बसून एकटीच रात्रभर दुरुस्त करायची. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.


वर्कशॉप | ८ जुलै, सकाळी १०.३०

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. आमच्याकडे प्रत्येक विषयाला मायक्रो प्रोजेक्ट असतो. खरं सांगायचं तर चार जणांच्या गटात एक करतो, एक छपाईचे पैसे देतो आणि दोन जण सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतात. बरीच वर्षं मीही ते चालवून घेतलं, त्याचं वाईट वाटतं.

आता एक बदल केलाय. सादरीकरणाच्या दिवशी चिठ्ठ्या टाकतो. ज्याने वायरिंग केलं त्याला खर्चाचा हिशोब समजावून सांगायला येऊ शकतो, ज्याने अहवाल लिहिला त्याला सर्किट. आपण केलेला भाग आपल्याला येतोच, दुसऱ्याचा सांगायचा तर त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं. पहिल्या वर्षी मुलं चिडली. पण वर्कशॉपबाहेरच्या पायऱ्यांवर मुलं एकमेकांना शिकवताना मला पहिल्यांदा दिसली ती तेव्हा. एक अगदी अबोल मुलगी होती, वेल्डिंगमध्ये हात सोन्याचा. तिला तीन मुलांना वेल्डिंग समजावून सांगावं लागलं. चौथ्या दिवशी ती त्यांना ओरडत होती, "अरे इलेक्ट्रोड टेकवू नको, ओढत ने!" माझ्यासाठी त्या वर्षाचा निकाल तोच.


स्पष्टवक्ता | ८ जुलै, दुपारी ४.००

भावना पोचल्या, पण व्यवहाराचं बोलू. बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी व्हायचं तर परीक्षा आहे, मुलाखत आहे. खासगी कंपनीत गटचर्चा इंग्रजीत होते. तिथे ज्वारीचे दाणे कामाला येत नाहीत. मुलाच्या आईचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. गावाकडची हुशार मुलं फक्त इंग्रजीपायी मागे पडताना मी पाहिली आहेत.


लालमाती | ८ जुलै, रात्री १०.१०

स्पष्टवक्ता, इंग्रजी शिकू नये असं मी कुठेच म्हटलेलं नाही. शिकावंच. मी स्वतः नोकरी लागल्यावर शिकले, कारण काजूच्या व्यापाऱ्यांच्या ईमेल इंग्रजीत येतात.

पण क्लासमध्ये मला काय शिकवलं असतं? 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' चं पाठ केलेलं उत्तर. म्हणजे पुन्हा ती दोन पानं आणि पुन्हा तेच विसरणं. माझ्या मुलाखतीत विचारलं होतं, गटात मतभेद झाला तेव्हा काय केलं? मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, मोडक्या इंग्रजीत आणि मग मराठीत. समोरचे तिघेही पेन खाली ठेवून ऐकत होते. सांगण्यासारखं काही असलं की भाषा मागून येते. भाच्याला मी तेच सांगेन: क्लास लाव, पण रावे 'उरकू' नको.


रात्रपाळी | ९ जुलै, पहाटे ३.४५

नर्सिंगवाली आहे, ड्युटीवरून लिहिते. आमच्याकडे कम्युनिटी पोस्टिंग असतं. पिशवी घेऊन घरोघर जायचं. घरात गेल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी, मग हात धुवायचे, मग बाकी सगळं. पहिल्या घरी मी गरोदर बाईला विचारलं, "आहार कसा आहे?" ती म्हणाली, "चांगला." मी लिहिलं, चांगला. माझ्या जोडीदारणीने विचारलं, "ताई, काल रात्री काय जेवलात?" ती म्हणाली, "भाकरी आणि चटणी. दोन दिवस झाले भाजी आणली नाही." प्रश्न बदलला आणि सगळी नोंद बदलली. आजही वॉर्डात ड्युटी बदलताना मी "पेशंट बरा आहे" असं कधी सांगत नाही. काय खाल्लं, लघवी किती झाली, कोणत्या वेळी कण्हत होता, ते सांगते.


चुलीवरची_भाकर | १० जुलै, सकाळी ११.३०

माझी मुलगी पुढच्या वर्षी रावेला जाईल. वाचून धीर आला, पण आईचा जीव आहे. मुलींच्या राहण्याची सोय कशी असते? आणि ग्रुपमध्ये पटलं नाही तर कोणाला सांगायचं?


लालमाती | १० जुलै, रात्री ९.००

ताई, आम्ही गावातच एका शिक्षकांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. काही ग्रुप तालुक्याला राहून रोज ये-जा करतात. खोली ठरवण्याआधी संडास आणि पाणी स्वतः बघून या, कोणाच्या सांगण्यावर ठेवू नका. प्रत्येक ग्रुपला कॉलेजचे एक कार्यक्रम अधिकारी नेमलेले असतात, त्यांचा नंबर घरी असू द्या. गावातल्या एका तरी बाईशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला सांगा. आमच्या अडीअडचणीला आबांची सून होती. पाळीची तारीख असो की रात्री दिवे गेलेले असोत, आम्ही तिच्याकडेच धावायचो.

पटलं नाही तर आधी आपापसात, त्याच दिवशी. दोन रात्री जाऊ दिल्या की मग बोलणं फार जड होतं.


पांढरंसोनं | १९ ऑगस्ट, सायंकाळी ७.३०

धागा जुना झाला, पण सांगायचं राहिलं होतं. यंदाही आमच्या गावात कृषिदूत आले आहेत, आठ जण. या वेळी बॅनर बांधायच्या आधीच मी त्यांना घरी बोलावलं. चहा दिला आणि म्हटलं, तुमची यादी बाजूला ठेवा, माझी ऐका. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, लिहून घेतो." तिथेच मला बरं वाटलं.

आठ शेतांत एकरी दोन असे कामगंध सापळे लावले आहेत. एकेकाकडे एक शेत. रोज सकाळी जाऊन पतंग मोजतात आणि देवळाच्या फळ्यावर आकडे लिहितात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं, हे आता गावातल्या शाळेच्या पोरांनाही पाठ झालंय. पहिल्या आठवड्यात एक जण न मोजताच आकडा लिहून गेला होता. बाकीच्यांनी पकडलं. मला वाटलं आता भांडतात. तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या शेतापुढे 'काल मोजले नाही' असं त्याच मुलाच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

काल माझ्या शेतातल्या सापळ्यात पाच होते. मोजणारा पोट्टा जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काका, सापळा नव्हता तेव्हा तुम्ही अळी आलेली कशावरून ओळखायचे?" मी त्याला पऱ्हाटीत घेऊन गेलो. गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल दाखवलं, उघडून आतली अळी दाखवली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं पऱ्हाटीच्या ओळींतून फिरत होतो.